दुतोंड्याला पाणी लागलं : ‘ऑथेल्लो’ पहिल्यांदा वाचणाऱ्यांसाठी

आमच्या हौशी मंडळीत मी बावीस वर्षं प्रॉपर्टी सांभाळली. म्हणजे तलवारी, पत्रं, पेले, समया आणि रुमाल. नट टाळ्या घेतात, दिग्दर्शकाचा पेपरात फोटो येतो, आणि प्रॉपर्टीवाल्याला प्रयोगानंतर सगळे एकच विचारतात, “टेम्पो आला का?” तरी या कामात एक गोष्ट कळते. कोणती वस्तू कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जाते, हे विंगेत उभ्या असलेल्या माणसाला जितकं पाठ असतं तितकं मुख्य नटालाही नसतं. ‘ऑथेल्लो’ समजून घ्यायला विंगेतली जागा वाईट नाही. ते अख्खं नाटक एका रुमालावर उभं आहे.

आता गुडघे टेम्पोत चढू देत नाहीत. म्हणून शनिवारी संध्याकाळी घरीच नव्या मुलामुलींबरोबर नाटकं वाचतो. कोणी कॉलेज रोडवरून येतं, कोणी सातपूरची पहिली शिफ्ट करून. सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “काका, शेक्सपिअर आपल्याला झेपेल का?” झेपतो. फक्त पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सरळ वाचत सुटायचं नाही. मी त्यांना ज्या क्रमानं नेतो तोच इथे लिहितो आहे.

पायरी पहिली : गोष्ट आधी ऐकून घ्या

शेवट आधी कळला तर मजा जाईल ही भीती सोडा. पंचवटीत राहणाऱ्या कोणाला सीता पळवली जाणार हे ठाऊक नसतं? तरी सीतागुंफेपाशी रांग असतेच.

व्हेनिसच्या सैन्यात ऑथेल्लो हा मूर सेनापती आहे. रंगानं काळा, बाहेरचा, पण लढाईत त्याच्याशिवाय पान हलत नाही. सरदार ब्रॅबॅन्शिओची मुलगी डेस्डेमोना बापाच्या नकळत त्याच्याशी लग्न करते. ऑथेल्लोनं कॅशिओला आपला दुय्यम अधिकारी नेमलंय, आणि ती जागा आपल्याला मिळायला हवी होती म्हणून निशाणधारी इयागो आतून पेटलाय. सगळे सायप्रस बेटावर जातात. तुर्कांशी लढाई व्हायची असते, पण वादळात तुर्कांचं आरमारच बुडतं. लढाई रद्द होते आणि सैनिक रिकामे बसतात. इथून पुढे इयागो काम सुरू करतो. आधी कॅशिओला दारू पाजून भांडणात अडकवतो आणि त्याची जागा घालवतो. मग त्यालाच सल्ला देतो, की वहिनीसाहेबांकडून रदबदली करून घे. ती बिचारी भल्या मनानं नवऱ्याकडे शब्द टाकते, आणि इयागो ऑथेल्लोच्या कानात सांगतो की ती त्याच्यासाठी एवढी का बोलते बघा. रुमाल मध्ये येतो. शेवटी ऑथेल्लो बायकोचा गळा दाबतो, खरं कळल्यावर स्वतःला संपवतो. इयागो मात्र जिवंत राहतो.

एवढं पुरे. रोड्रिगो नावाचा एक श्रीमंत मूर्खही आहे, त्याच्या पैशावर इयागोचा खर्च चालतो. तो वाचताना भेटेलच.

पायरी दुसरी : प्रत कोणती घ्यायची

इंग्रजीपासून सुरुवात करू नका. इंग्रजी चांगलं असेल तरीही. आपल्याकडे हे नाटक फार जुनं आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ मध्येच ते मराठीत आणलं. गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० मध्ये त्याचं ‘झुंझारराव’ केलं. ते भाषांतर नव्हे, अस्सल मराठी पेहराव आहे. आणि आपल्या नाशिकच्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९६१ मध्ये ‘ऑथेल्लो’ केला. त्याआधी १९५४ मध्ये त्यांनी मॅकबेथचा ‘राजमुकुट’ केला होता, आणि पुढे १९७० मध्ये लिअर राजाचं दुःख अंगावर घेतलेला ‘नटसम्राट’ आला. म्हणजे शोकांतिका समजून घ्यायची तर नाशिकमधून बाहेर पडायची गरज नाही.

आधी तात्यासाहेबांचा वाचा. मग देवलांचा. मग वाटलं तर तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश तेवढा इंग्रजीत, टिपा असलेल्या आवृत्तीतून. जुनी पुस्तकं सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, विचारा. १८४० सालची संस्था आहे, तिथे जुन्या नाटकांबद्दल विचारलं तर कोणी विचित्र नजरेनं बघत नाही.

देवलांचं नाव नाशिककरांना आणखी एका कारणानं लक्षात राहायला हवं. २१ डिसेंबर १९०९ ला विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तिथे प्रयोग होता ‘शारदा’चा. नाटक देवलांचंच.

पायरी तिसरी : चार शब्द वेगळे करा

इंग्रजी समीक्षेत ‘जेलसी’ हा एकच शब्द येतो आणि तो सगळीकडे चिकटवला जातो. आपण जास्त श्रीमंत आहोत. हेवा, मत्सर, असूया, संशय असे चार शब्द वहीत चार रकाने करून लिहा, आणि प्रत्येक पात्र कुठे बसतं ते बघा.

दुसऱ्याकडे आहे ते मला हवं, तो हेवा. दुसऱ्याकडे आहे म्हणून मी जळतो, तो मत्सर. दुसऱ्याच्या चांगुलपणातच खोट दिसायला लागते, ती असूया. आणि माझं आहे ते कोणी नेतंय असं वाटणं, तो संशय. शेक्सपिअरच्या काळच्या इंग्रजीतही त्या एका शब्दात संशयाचा अर्थ मोठा होता, म्हणून ऑथेल्लोला मत्सरी म्हणून टाकलं की अर्धं नाटक हातातून जातं. त्याला कोणाचाही हेवा नाही. त्याला संशय आहे.

असूया इयागोची. सुरुवातीला ती साध्या हेव्यासारखी दिसते. बढती वशिल्यानं होते, ज्येष्ठतेनं नाही. कॅशिओ म्हणजे नुसता आकडेमोड करणारा, रणांगण त्यानं पाहिलेलं नाही, ही कुरकुर कुठल्याही ऑफिसच्या चहाच्या टपरीवर ऐकू येते. पण पाचव्या अंकात तो कॅशिओबद्दल एक वाक्य बोलून जातो, त्याचा आशय असा : या माणसाच्या रोजच्या जगण्यात काही सुंदर आहे, त्यापुढे मी कुरूप दिसतो. इथे पेन्सिलीनं जाड खूण करा. जागा मिळाली असती तरी हा माणूस थांबला नसता.

‘नाट्यशास्त्र’ लिहिणाऱ्या भरतानं असूयेला तेहतीस व्यभिचारी भावांत घातलं आहे. व्यभिचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे, पाहुण्यासारखे. इथे पाहुण्यानंच घर बळकावलंय.

पायरी चौथी : खलनायकाची स्वगतं तेवढी वाचा

बाकी नाटक बाजूला ठेवा आणि एका बैठकीत फक्त इयागोची स्वगतं वाचा. एक गंमत दिसेल. तो दर वेळी वेगळं कारण सांगतो. एकदा बढती. एकदा आपल्या बायकोचं आणि ऑथेल्लोचं काही होतं अशी वदंता. मग कॅशिओवरही तोच आळ. मग आपणही डेस्डेमोनावर प्रेम करतो असं काहीतरी. ज्याला खरंच एक कारण असतं तो एकच सांगतो. इंग्रज कवी-समीक्षक कोलरिजनं याला हेतू शोधत फिरणारा निर्हेतुक दुष्टावा म्हटलंय. मला ते पूर्ण पटत नाही. हेतू आहे, पण तो इतका क्षुद्र आहे की त्याला स्वतःलाच पुरेसा वाटत नाही, म्हणून तो वर शिवणी घालत बसतो.

दुसरी गोष्ट, तो हे सगळं तुम्हाला सांगतो. ऑथेल्लोला नाही, स्वतःच्या बायकोला नाही, तुम्हाला. तिसऱ्या स्वगतापर्यंत तुम्ही त्याच्या हुशारीवर खूश झालेले असता. आमच्या शनिवारी एक मुलगी एकदम म्हणाली, “काका, मला त्याची योजना फसू नये असं वाटायला लागलंय.” मी म्हटलं, लिही ते वहीत, तारखेसकट.

आणि त्याचं वय बघा. तो स्वतः सांगतो, चार सत्ते अठ्ठावीस वर्षं जग पाहिलंय. आपल्याकडे खलनायक म्हटलं की भुवया जोडलेला पन्नाशीचा माणूस डोळ्यांपुढे येतो. हा अठ्ठावीसचा, हसतमुख, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा पोरगा आहे. नाटकभर त्याला प्रामाणिक, प्रामाणिक म्हणतात. ‘प्रामाणिक’ आणि ‘प्रामाणिकपणा’ मिळून मूळ संहितेत पन्नासच्या आसपास वेळा येतं. मोजून बघा, मोजताना अंगावर काटा येतो.

मराठीत या कामाला नेमका शब्द आहे : कान भरणं. मंथरा आठवा. रामाला राज्याभिषेक होणार हे ऐकून कैकेयी आधी खूश होते, बातमी आणली म्हणून मंथरेला दागिना काढून देते. ती मुळात वाईट नाही. मग मंथरा बोलत राहते, आणि त्याच रात्री कैकेयी कोपभवनात. राम आपल्या पंचवटीत आला तो त्या कानभरणीमुळे.

पायरी पाचवी : पाणी कुठवर आलं ते मोजा

तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश. बाकी काहीच वाचणार नसाल तरी हा वाचा. प्रवेश सुरू होतो तेव्हा ऑथेल्लो बायकोवर जीव टाकणारा नवरा आहे. तो संपतो तेव्हा त्यानं तिला मारायचं ठरवलेलं असतं. मध्ये साडेचारशेच्या वर ओळी आहेत, आणि एक रुमाल खाली पडतो तेवढा सोडला तर त्यांत कोणी फारसं काही केलेलं नाही. फक्त बोललंय.

नवख्याला हा बदल अचानक वाटतो. “एवढ्यात कसं काय?” हा प्रश्न दर वेळी येतो. त्यावर माझं औषध नाशिकचंच आहे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की आपण क्युसेकचे आकडे ऐकतो, पण खरं विचारतो ते एवढंच : दुतोंड्याला कुठवर आलं? पायाला, गुडघ्याला, कंबरेला. दुतोंड्या म्हणजे गोदावरीच्या पात्रातला दोन तोंडांचा मारुती. गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, उभं राहून पूर मोजायची आपली पट्टी ती. तीच पट्टी पुस्तकाच्या समासात काढा, एक उभी रेघ आणि तिच्यावर मारुती. (चित्र कसंही आलं तरी चालेल.) आणि वाचता वाचता खुणा करा.

पहिला विसर्ग अगदी थोडा आहे. कॅशिओ डेस्डेमोनाशी बोलून निघून जातो, आणि इयागो स्वतःशीच पुटपुटल्यासारखं करतो, की हे काही मला बरं दिसत नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? तो म्हणतो, काही नाही. त्या ‘काही नाही’वर पावलं भिजली अशी खूण करा.

गुडघा जिथे लागतो तिथे इयागो काही सांगतच नाही. ऑथेल्लोचेच शब्द त्याला परत करतो. कॅशिओ प्रामाणिक आहे ना? प्रामाणिक? हो, प्रामाणिक. तुला काय वाटतं? वाटतं, महाराज? असं चालतं. ऑथेल्लो चिडून म्हणतो, हा माझाच प्रतिध्वनी करतोय, जणू याच्या मनात काही भयंकर दडलंय. दडलेलं काहीच नसतं. रिकाम्या विहिरीत ओरडून परत आलेला आपलाच आवाज ऐकून आत कोणी आहे असं वाटावं, तसं.

कंबरेला पाणी येतं ते सगळ्यात कपटी जागी. इयागो त्याला संशयापासून सावध राहा म्हणून सांगतो. संशय हा हिरव्या डोळ्यांचा राक्षस आहे, त्याच्या नादी लागू नका. आतापर्यंत ‘संशय’ हा शब्द ऑथेल्लोला कोणी लावला नव्हता. औषध म्हणून बाटली पुढे केली आणि चिठ्ठीवर आजाराचं नाव लिहून ठेवलं.

छातीला लागतं तेव्हा इयागो एक खरी गोष्ट सांगतो, आणि नुकसान तीच करते. तुमच्याशी लग्न करताना तिनं बापाला फसवलं होतं. ही ओळ बापानंच पहिल्या अंकात शापासारखी सुनावलेली असते, आणि तेव्हा ऑथेल्लो म्हणालेला असतो, तिच्या निष्ठेवर माझा जीव पणाला. गंमत बघा, ज्या श्वासात तो हे म्हणतो त्याच श्वासात तिला सायप्रसला आणायची जबाबदारी प्रामाणिक इयागोवर सोपवतो. आता इयागो गेल्यावर एकटा राहिलेला ऑथेल्लो स्वतःच स्वतःला सांगू लागतो, मी काळा आहे, मला गोड बोलता येत नाही, वयही उतरतं आहे. इथून पुढे धरणातून पाणी सोडायची फारशी गरज उरत नाही. ओढे-नाले त्याच्या आतलेच आहेत.

गळ्याशी आलं की तो युद्धाचा, घोड्यांचा, नगाऱ्यांचा निरोप घेतो आणि इयागोचा गळा धरून म्हणतो, मला डोळ्यांनी दिसेल असा पुरावा दे. या क्षणापर्यंत इयागोनं एकही ठोस खोटी गोष्ट सांगितलेली नाही, हे पहिल्या वाचनात निसटतं. फक्त सूचना, फक्त अर्धी वाक्यं. पहिलं धडधडीत खोटं आता येतं : झोपेत कॅशिओ काय बरळला ते, आणि त्यानं कोणत्या रुमालानं दाढी पुसली ते. तोवर ऐकणारा बुडालेला असतो.

शेवटी दोघंही गुडघे टेकून शपथ घेतात. लग्नविधीची विद्रूप नक्कल वाटते ती. डोक्यावरून पाणी गेलं.

आणि एक योगायोग, मी दर वेळी सांगतो. पहिल्या अंकात इयागो शपथ घेतो ती जानसची. जानस हा रोमन देव, दोन तोंडांचा. आपल्या मारुतीरायाचं त्याच्याशी काही नातं नाही हे मला कळतं. तरी गंगेवर गेलो की तो इयागो आठवतोच, आणि मी मनातल्या मनात मारुतीची माफी मागतो.

पायरी सहावी : रुमालाचा प्रवास लिहा

ही माझी पायरी. वहीच्या एका पानावर फक्त हातांची नावं लिहायची. ऑथेल्लोच्या आईचा रुमाल. तिच्याकडून ऑथेल्लो. त्याच्याकडून पहिली भेट म्हणून डेस्डेमोना. त्याचं डोकं दुखतं म्हणून ती रुमालानं कपाळ बांधू जाते, तो झिडकारतो, रुमाल खाली. एमिलिया, म्हणजे इयागोची बायको आणि डेस्डेमोनाची सखी, उचलते. इयागो तिच्याकडून घेतो. कॅशिओच्या खोलीत टाकतो. कॅशिओला त्यावरची स्ट्रॉबेरीची नक्षी आवडते, तो बियांकाला तशीच काढून दे म्हणून सांगतो. बियांका त्याच्यावर फेकते, कोणा दुसरीचा आहे म्हणून. म्हणजे तिलाही संशय! आणि आडून बघणाऱ्या ऑथेल्लोला तो तिथे दिसतो.

आता प्रत्येक नावापुढे लिहा, या माणसाला रुमालाबद्दल काय माहीत आहे. डेस्डेमोनाला हरवलाय एवढंच. कॅशिओला सापडला एवढंच. एमिलियाला नवऱ्यानं मागितला एवढंच. पूर्ण यादी फक्त इयागोकडे आणि तुमच्याकडे. हे पान झालं की शोकांतिका कशी बांधतात ते कळतं. यातली कोणतीही दोन माणसं पाच मिनिटं निवांत बोलली असती तर नाटक तिथेच संपलं असतं. इयागोचं सगळं कौशल्य त्यांना बोलू न देण्यात आहे. तो सतत मध्ये उभा असतो.

दोन छोट्या गोष्टीही टिपून ठेवा. रुमाल कुठे आहे असं विचारल्यावर डेस्डेमोना घाबरून म्हणते, हरवला नाही. एवढंसं खोटं. आणि एमिलियाला तिनं विचारलं तर तीही म्हणते, मला काय माहीत. दोघी चांगल्या बायका आहेत.

थॉमस रायमर नावाच्या समीक्षकानं १६९३ मध्ये या नाटकाची टर उडवली, की एवढी मोठी शोकांतिका आणि कशावरून, तर रुमालावरून! बायकांनी आपले कपडे नीट सांभाळावेत हाच काय तो बोध. रायमर कधी विंगेत उभा राहिला नसावा. आणि आपल्याला तर हे समजायला अवघड जाऊच नये. नारायणराव पेशव्याच्या खुनामागे ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं अशी जी कथा सांगतात, ती खरी असो वा नसो, एका अक्षराची आहे. त्या आनंदीबाईच्या नावाची आनंदवल्ली गंगापूर रोडला लागूनच आहे.

आता माझी फजिती. एका स्पर्धेच्या प्रयोगात आम्ही झुंझाररावाच्या, म्हणजे देवलांच्या ऑथेल्लोच्या, पायात जरीची मोजडी दिली होती. रुमालाच्या काठालाही जर. रुमाल पडला, झुंझाररावानं तरातरा निघताना त्यावर पाय दिला, जरीला जर अडकली आणि रुमाल त्याच्या पायाबरोबर विंगेत. रंगमंचावर सखी एकटी, जमीन मोकळी. ती इकडे बघते, तिकडे बघते. मला काही सुचेना, मी खिशातला माझा चौकटीचा रुमाल काढून आत फेकला. तिनं झेललासुद्धा. प्रेक्षक असे हसले, की पुढे खुनाच्या प्रवेशातही मागच्या रांगेतून खुसखुस चालूच होती. पात्रांच्या आयुष्याचा निकाल ज्या वस्तूवर लागतो ती एक घटकाभर विनोदी झाली, आणि नाटक परत उभं राहिलं नाही.

पायरी सातवी : घड्याळ बघा, पण अडकू नका

ही दोन मिनिटांची पायरी. सायप्रसला पोचल्यापासून खुनापर्यंत जेमतेम दीड दिवस जातो, तरी बियांका म्हणते कॅशिओ आठवडाभर फिरकला नाही. विद्वानांनी यावर पानंच्या पानं लिहिली आहेत. प्रयोगात कोणाच्या लक्षात येत नाही. पण एक हिशेब मात्र करा. व्हेनिसहून येताना कॅशिओ वेगळ्या गलबतात होता, डेस्डेमोना इयागोच्या गलबतात, ऑथेल्लो तिसऱ्या. मग हे दोघं भेटले कधी? हा प्रश्न विचारायला ऑथेल्लोला अर्धा मिनिट लागला असता.

पायरी आठवी : बायकांचा प्रवेश गाळू नका

चौथ्या अंकाचा शेवट, झोपायच्या आधी डेस्डेमोना आणि एमिलिया बोलत बसतात. कापाकापी करणारे दिग्दर्शक सगळ्यात आधी हाच प्रवेश कापतात, ‘कथानक थांबतं’ म्हणून. थांबतंच, थांबायलाच हवं. डेस्डेमोना आईच्या दासीकडून ऐकलेलं एक जुनं गाणं गुणगुणते आणि एमिलिया म्हणते, नवऱ्यांना जशी चव कळते, आंबट-गोड कळतं, तशी बायकांनाही कळते. आम्ही चुकतो त्या त्यांच्याकडूनच शिकून. ४०० वर्षांपूर्वीचं आहे हे. नाटकभर पुरुषांनी बायकांबद्दल बोललेलं ऐकल्यावर हा प्रवेश म्हणजे खिडकी उघडल्यासारखा आहे, आणि लगेच बंद होते.

हा प्रवेश वाचल्याशिवाय शेवट कळत नाही, कारण शेवटी नाटक एमिलियाच्या हातात जातं. ऑथेल्लो तिला सांगतो, तुझ्याच नवऱ्यानं मला हे सांगितलं. ती म्हणते, माझ्या नवऱ्यानं? तो पुन्हा सांगतो. माझ्या नवऱ्यानं? तो वैतागतो, तेच तेच काय विचारतेस. पाचवी पायरी आठवते ना? इयागोनं प्रतिध्वनी करून विष घातलं. त्याची बायको प्रतिध्वनी करूनच ते उकरून काढते. आणि तिला गप्प बस म्हटल्यावर ती गप्प बसत नाही. नारोशंकराच्या देवळातल्या घंटेसारखी वाजत राहते, नवरा तलवार खुपसेपर्यंत.

पायरी नववी : पतन कुठे झालं ते ठरवा

अ‍ॅरिस्टॉटलचे शब्द परीक्षेत हमखास विचारतात. त्यातल्या ज्याला आपण ‘नायकाचा दोष’ म्हणून पाठ करतो, त्या हमार्शियाचा मूळ अर्थ नेम चुकणं असा आहे. तो अर्थ धरा. ऑथेल्लोच्या स्वभावात काय खोट आहे यावर निबंध लिहिण्यापेक्षा त्याचा नेम कुठे चुकला ते शोधा. माझं उत्तर असं : त्याला साक्षीदार हवा होता, आणि दोन माणसांपैकी त्यानं चुकीचा निवडला. एमिलियाला तो विचारतो, ती शपथेवर सांगते की बाईसाहेब निष्कलंक आहेत, आणि तो म्हणतो, ही बाई असंच सांगणार. तुमचं उत्तर वेगळं असेल तर भांडू.

इयागो मात्र पडत नाही. पकडला जातो, जखमी होतो, आणि का केलंस विचारल्यावर म्हणतो, जे कळलंय ते कळलंय, यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. नाटकात सर्वात जास्त बोललेला माणूस, शब्दांनीच माणसं मारलेला, गप्प होतो. प्रेक्षकाला जे हवं असतं, ‘का’, तेवढंच घेऊन जातो.

पायरी दहावी : लगेच ‘संशयकल्लोळ’ वाचा

ही पायरी कोणत्याही गाइडमध्ये मिळणार नाही, आणि मला सगळ्यात प्रिय आहे. ‘झुंझारराव’ लिहिल्यावर तीनच वर्षांत, १८९३ मध्ये, देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ केलं. त्याचंच पुढे १९१६ मध्ये ‘संगीत संशयकल्लोळ’ झालं. मूळ मोलिएरचं, इंग्रजीतून आलेलं. एकाच लेखणीतून एक संशयाची शोकांतिका आणि एक संशयाची धमाल!

दोन्ही शेजारी ठेवा. तिथे रुमाल, इथे तसबीर. रेवतीला रस्त्यात भोवळ येते, फाल्गुनराव सावरायला जातो, बायको कृत्तिका ते बघते : पहिला संशय. रेवतीच्या हातून पडलेली अश्विनशेठची तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव बघतो : दुसरा संशय. तीच तसबीर फाल्गुनरावाकडे दिसल्यावर अश्विनशेठ भडकतो : तिसरा. वस्तू हरवणं, चुकीच्या हातात दिसणं, आडून बघणं, सगळं जसंच्या तसं. फाल्गुनराव ऑथेल्लोपेक्षा दहापट संशयी आहे. तरी कोणी मरत नाही.

का? कारण ‘संशयकल्लोळा’त मध्ये कोणी उभं नाही. नोकरचाकर काड्या घालतात, पण सगळे संशय घेणारे एकमेकांच्या तोंडावर ओरडतात. कृत्तिका नवऱ्याला सोडत नाही, जागच्या जागी जाब विचारते. डेस्डेमोनाला मरण समोर उभं राहीपर्यंत कळत नाही की आपल्यावर आरोप नेमका कोणता आहे.

यानंतर ज्यांना भूक आहे त्यांनी खाडिलकरांचं ‘सवाई माधवराव यांचा मृत्यू’ घ्यावं. त्यात हॅम्लेटसारखा पेशवा आणि इयागोच्या वळणाचा केशवशास्त्री एकाच नाटकात भेटतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला तळीराम वाचून तोही इयागोच का यावर वाद घाला. माझ्या मते नाही. तळीराम स्वतःही त्याच पेल्यात बुडतो. इयागो काठावर उभा राहतो.

ज्यांना प्रवेश करून बघायचाय त्यांच्यासाठी

शनिवारचे चार-पाच जण हमखास म्हणतात, स्पर्धेसाठी एखादा प्रवेश बसवू. बसवा, पण थोडं ऐका. इयागो करणाऱ्याला दुष्ट दिसू देऊ नका. तालमीत बाकीच्यांना तो खरंच मदत करतोय असं वाटलं पाहिजे. ऑथेल्लोला काळं फासू नका. तो बाहेरचा आहे हे रंगपेटीतून नाही, इतरांच्या वागण्यातून दिसायला हवं : कोण त्याच्याजवळ बसतं, कोण बसत नाही. सर्वांसमक्ष तो तिला मारतो तो प्रसंग हळू तालमीत पंचवीस वेळा करा, आणि मारल्यानंतरची शांतता मोजून ठेवा.

रुमाल मोठा घ्या, शेवटच्या रांगेतून दिसेल असा. पांढऱ्यावर लाल नक्षी, इस्त्री नको, स्टार्च तर नकोच. तो पडला पाहिजे, तरंगत जाता कामा नये. दोन एकसारखे शिवून घ्या, दुसरा विंगेत माझ्यासारख्या कोणाच्या तरी हातात. आणि मोजडीला जर नको.

शेवटी पलंग. मूळ नाटकात अगदी शेवटाकडे हुकूम येतो, हे बघवत नाही, झाका. पलंगाला पडदा लावाल तर दांडीवर आदल्या रात्री मेणबत्ती चोळा आणि सगळ्या कड्या एका हातानं सरकतात का ते बघा. तो पडदा अर्ध्यात अडकला तर ओढणाऱ्यानं झटका द्यायचा नाही. तसाच सोडून मागं सरायचं.